न मोजलेले तास

विद्यापीठाच्या हिशेबात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचे वर्ष साधारण १२०० तासांचे असते. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला ४० क्रेडिट आणि दर क्रेडिटमागे शिकण्याचे ३० तास असे गणित घालून दिले. त्या तासांत व्याख्याने धरली आहेत, प्रॅक्टिकल धरले आहे, घरचा अभ्यास, प्रकल्प, क्षेत्रभेट, परीक्षेची तयारी हेही धरले आहे. विद्यार्थी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो कसा आणि किती वेळात, याला मात्र त्यात जागा नाही. खडवलीला राहून मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात एम.एस्सी. करणाऱ्या कुणाचाही दिवस मांडून पाहावा. घर ते स्टेशन, गाडीची वाट पाहणे, कुर्ल्यापर्यंतचा सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास, तिथून बस किंवा शेअर रिक्षा. दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून दोन तास धरले तर ते जास्त होत नाहीत. जाऊन-येऊन चार तास, आठवड्याचे सहा दिवस, पंधरा-पंधरा आठवड्यांची दोन सत्रे. बेरीज ७२० तासांची होते. ज्या वर्षात १२०० तास शिकायचे, त्याच वर्षात त्याच्या ६० टक्के वेळ रस्त्यावर आणि रुळांवर जातो. कल्याणच्या महाविद्यालयात जाणाऱ्याचे दिवसाला दोन तास धरले तरी ३६० तास होतात. हे तास कुणी मोजत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाला काही करावेसेही वाटत नाही. प्रवासाचा त्रास हा मुंबईकरांच्या सहनशक्तीचा विषय समजला जातो. मला तो विज्ञानशिक्षणाच्या दर्जाचा विषय वाटतो. विज्ञान शिकणाऱ्याला लागतो तो सलग मोकळा वेळ, आणि तोही प्रयोगशाळेच्या आत. आजची अंतरे आणि वेळापत्रके मिळून नेमका तोच हिरावून घेतात. आणि यातले बरेचसे फार मोठा खर्च न करता दुरुस्त करता येण्याजोगे आहे.

खडवली मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर, टिटवाळा आणि वासिंद यांच्या मध्ये, मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तालुका कल्याण. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला आले आणि १८५५ मध्ये वासिंदपर्यंत गेले. म्हणजे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले त्याच्या आधीपासून या पट्ट्यातून आगगाडी जाते आहे. तरीही विद्यापीठाचे विज्ञान या रुळांवरून उत्तरेकडे आले ते फार उशिरा. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये फोर्टात उभी राहिली, रसायन तंत्रज्ञानाचा विभाग १९३३ मध्ये सुरू झाला आणि माटुंग्याला स्थिरावला, टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याला, अणुसंशोधन तुर्भ्याला, आयआयटी १९५८ मध्ये पवईला. त्या काळी ते स्वाभाविकच होते, कारण शिकणारी मुले मुंबईत राहत होती. पुढे घरे महाग झाली, गिरण्या बंद पडल्या, माणसे रुळाच्या टोकाकडे सरकत गेली. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर वेगळा झाला तो त्यानंतर, १ ऑगस्ट २०१४ ला. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे, ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९६९ चे, उल्हासनगरचे चांदीबाई १९६५ चे. या महाविद्यालयांनी हजारो घरांत पहिला विज्ञान पदवीधर दिला, त्यांचे ऋण मोठे आहे. पण महागडी उपकरणे, विशेष विषयांचे एम.एस्सी. आणि संशोधनाच्या जागा बहुतांशी जुन्या ठिकाणीच राहिल्या. लोकसंख्या एका दिशेला गेली, प्रयोगशाळा गेल्या नाहीत, आणि मधले अंतर विद्यार्थ्याने आपल्या वयाच्या अठरा ते तेवीस या वर्षांतून भरून काढायचे असे न ठरवता ठरून गेले.

हे अंतर किलोमीटरपेक्षा गाड्यांच्या संख्येत जास्त जाणवते. कल्याणच्या पुढे दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवरून लोकल, लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या असे सगळेच धावते. टिटवाळ्याला संपणाऱ्या लोकल खडवलीच्या एक स्टेशन अलीकडून परत फिरतात. खडवलीला थांबतात त्या आसनगाव आणि कसाऱ्याच्या. एक चुकली की पुढची लगेच नसते. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालू आहे, आणि कल्याण-आसनगाव चौथी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या यादीत आहे. पावसाळ्यात घाटाकडून माती येते, झाड पडते, वाहतूक बंद होते. जुलै २०२४ मध्ये असेच झाले आणि टिटवाळ्याच्या पुढचा पट्टा मुंबईपासून तुटला. ९ जून २०२५ ला मुंब्रा-दिवा दरम्यान गर्दीच्या दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्यातली एक गाडी कसाऱ्याकडे निघालेली होती. ज्या दारात ती माणसे उभी होती, त्याच दारात पाठीवर जर्नल आणि एप्रन असलेली मुलेही रोज उभी असतात. वेळेचा हिशेब मांडताना हे विसरता येत नाही.

आता वेळापत्रकाकडे येऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात जी रचना आली, तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला २० ते २२ क्रेडिट मिळवायचे असतात. मेजर विषय आहे, मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे, कौशल्याचा कोर्स आहे, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आहे, पुढे क्षेत्रप्रकल्प आणि ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. हेतू चांगला होता. रसायनशास्त्राच्या मुलाने अर्थशास्त्राचीही ओळख करून घ्यावी, हाताला काही काम यावे, याला माझा विरोध नाही. पण व्याख्यानाच्या एका क्रेडिटला सत्रात पंधरा तास लागतात आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला तीस. २२ पैकी आठ क्रेडिट प्रॅक्टिकलची धरली तर सत्राला ४५० तास महाविद्यालयात बसावे लागते, आठवड्याला तीस. कला शाखेचे २२ क्रेडिट जर सगळे व्याख्यानांचे असतील तर ३३० तासांत पुरे होतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यावर मुळातच एक तृतीयांशाहून अधिक जादा हजेरी पडते, आणि ७५ टक्के उपस्थितीची अट सगळ्यांना सारखी. या तीस तासांचे तुकडे मात्र सलग नसतात. सकाळी एक लेक्चर, मग दोन तास काही नाही, मग मायनर, मग दुपारी प्रॅक्टिकलची बॅच. मधल्या दोन तासांत कल्याणचा मुलगा घरी जाऊन येतो. खडवलीचा जिन्यावर किंवा कँटीनमध्ये बसतो, कारण ग्रंथालयातल्या खुर्च्या कमी आणि प्रयोगशाळेला त्या वेळी दुसऱ्या बॅचने व्यापलेले. त्याला मोकळा वेळ मिळतच नाही असे नाही. मिळतो तो अशा जागी आणि अशा तुकड्यांत की त्याचा विज्ञानाला उपयोग होत नाही.

उपयोग का होत नाही, हे समजायला प्रयोगाच्या आत डोकवावे लागते. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळा मुद्दा यावर उभा आहे. भौतिकशास्त्रात गायगर-म्युलर गणित्राने किरणोत्साराची नोंद घेताना शंभर मोजण्या झाल्या तर अनिश्चितता दहा टक्के असते. ती एक टक्क्यावर आणायची तर दहा हजार मोजण्या लागतात. दहापट अचूकतेला शंभरपट वेळ, हा निसर्गाचा नियम आहे. त्याला कुठल्याही परिपत्रकाने सूट मिळत नाही. रसायनशास्त्रात रिफ्लक्स काही तास चालते आणि स्फटिक शुद्ध हवे असतील तर द्रावण हळूहळूच थंड व्हावे लागते. घाईने बर्फात बुडवले की बारीक आणि अशुद्ध स्फटिक पडतात आणि वितळणबिंदू चुकतो. सूक्ष्मजीवशास्त्रात ई-कोलाय हा जिवाणू पोषक माध्यमात ३७ अंशांवर साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याच्या वाढीचा आलेख काढायचा तर सहा-आठ तास ठरावीक अंतराने वाचने घेत बसावे लागते. आनुवंशिकीत ड्रोसोफिला या फळमाशीचे जीवनचक्र २५ अंशांवर दहा दिवसांचे असते आणि संकरासाठी कुमारी माद्या हव्या असतील तर त्या कोषातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या कराव्या लागतात. म्हणजे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा प्रयोगशाळेत माणूस हवा. पाण्याची बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, आपल्याकडच्या प्रमाणित पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. सोमवारी बाटली भरणाऱ्याची पुढची बॅच पुढच्या सोमवारी असेल तर गुरुवारचे वाचन तो घेणार कधी?

ते वाचन प्रयोगशाळा सहायक घेतो, किंवा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरते. यात मुलांचा अप्रामाणिकपणा शोधणे मला अन्यायाचे वाटते. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बसतील असेच प्रयोग अभ्यासक्रमात टिकतात, आणि ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असाच प्रयोग तीन तासांत हमखास बसतो. ब्युरेटमधल्या टायट्रेशनचे वाचन किती यायला हवे हे बॅचमधल्या सगळ्यांना ठाऊक असते. ते आले नाही तर पुन्हा करून पाहायला वेळ नसतो, म्हणून आलेले वाचन हवे तसे वळवले जाते. विज्ञान खरे सुरू होते ते याच जागी, जिथे अपेक्षित आकडा आला नाही आणि तो का आला नाही हे पाहायची इच्छा झाली. द्रावण चुकीचे होते का, काचपात्र नीट धुतले नव्हते का, की आपल्याला ठाऊक नसलेले काही घडते आहे? या प्रश्नासाठी प्रॅक्टिकल संपल्यावरचे दोन तास लागतात. खडवलीच्या विद्यार्थ्याला त्या वेळी गाडी पकडायची असते. आज त्याच्या गुणपत्रिकेवर याचा काही परिणाम दिसत नाही, कारण परीक्षा त्या दोन तासांची होतच नाही. परिणाम दिसतो तो पुढे, स्वतंत्र प्रश्न घेऊन उभे राहायची वेळ येते तेव्हा.

व्यस्त माणसाला विज्ञान करता येत नाही असे म्हणण्याचा मात्र माझा हेतू नाही. उलट उदाहरण आपल्या देशातच आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ मध्ये कोलकात्याला सरकारी अर्थखात्यात नोकरीला लागले. बहूबाजार रस्त्यावर २१० क्रमांकाच्या इमारतीत इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये स्थापलेली संस्था होती. रामन दिवसभर हिशेबखात्यात काम करत आणि कचेरीच्या आधी भल्या सकाळी व कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत या प्रयोगशाळेत असत. अशी बरीच वर्षे गेली. १९१७ मध्ये त्यांनी नोकरी सोडून विद्यापीठातली प्राध्यापकी घेतली, आणि २८ फेब्रुवारी १९२८ च्या ज्या शोधासाठी त्यांना १९३० चे नोबेल मिळाले तोही याच इमारतीतला. या कथेतून आपण नेहमी चिकाटीचा धडा काढतो. त्या संस्थेतला आशुतोष डे नावाचा सहायक कुणाच्या लक्षात राहत नाही. रामन येतील त्या वेळी दार उघडायला, उपकरण मांडायला तो असे. प्रयोगशाळा वाटेवर होती आणि रामन मोकळे असतील तेव्हा ती उघडी होती, या दोन गोष्टी नसत्या तर चिकाटी असूनही ती दहा वर्षे हिशेबखात्यातच गेली असती. पुढे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक असलेल्या याच रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी नाकारले आणि मग अटींवर घेतले. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायची तयारी ही त्यातली एक अट होती. अट अपमानास्पद होती, कारण ती मुलींवर संशय घेऊन घातली होती. पण प्रयोगशाळेत रात्रीही थांबता येणे हा कामाचा भाग आहे हे त्यातून दिसतेच, आणि सोहोनी थांबू शकल्या म्हणून १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरेटपर्यंत गेल्या. आज खडवलीच्या मुलीला कुणी तशी अट घालत नाही. तिला थांबायची मुभा आहे, पण थांबल्यावर घरी जायचे कसे याचे उत्तर नाही.

पहिला आक्षेप जुन्या पिढीकडून येतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला जाऊन शिकलेली माणसे आज मोठ्या पदांवर आहेत, गाडीत उभ्याने वाचून ती परीक्षा पास झाली. हे खरे आहे. पण जे पोहोचले तेच सांगायला उरतात. दुसऱ्या सत्रात केटी लागली, म्हणजे एक विषय राहिला, मग तिसऱ्यात दोन लागल्या, घरी पैशांची गरज होती आणि भिवंडीच्या गोदामांत काम मिळत होते म्हणून विज्ञान सुटले, असा मुलगा आपली गोष्ट सांगायला समारंभात येत नाही. शिवाय तेव्हा वर्षाकाठी एकच परीक्षा असे. आता सहा महिन्यांत इंटर्नल, सबमिशन, प्रॅक्टिकल परीक्षा आणि लेखी परीक्षा असा सगळा फेरा पूर्ण होतो, आणि आजारपण किंवा पावसाने गेलेला आठवडा भरून काढायला जागा उरत नाही.

याच आक्षेपाचे सर्वांत भक्कम रूप म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४६ पासून १९६२ पर्यंत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत आणि गाडीतही त्यांचे वाचन-लेखन चाले. मग खडवलीच्या मुलाला का जमू नये? याला दोन उत्तरे आहेत. डेक्कन क्वीनमध्ये बसायला जागा असते आणि गणिताला कागद-पेन्सिल पुरते. सकाळच्या कसारा लोकलमध्ये हात वर करायला जागा नसते आणि सेंट्रिफ्यूज पिशवीत घालून नेता येत नाही. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोसंबींचे जे काम हातांनी आणि पायांनी करायचे होते, पुण्याच्या परिसरातल्या टेकड्यांवर सूक्ष्म अश्मास्त्रे वेचणे, गावोगावच्या देवतांच्या जागा पाहणे, जुने मार्ग चालून काढणे, ते त्यांनी राहत्या घराच्या आसपास केले. प्रवासात त्यांनी डोक्याचे काम केले आणि क्षेत्राचे काम घराजवळ ठेवले. हे उदाहरण नीट वाचले तर ते माझ्याच बाजूचे आहे.

दुसरा आक्षेप ऑनलाइनचा. ‘स्वयम्’वर चांगली व्याख्याने आहेत, नियमांप्रमाणे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, आणि केंद्र सरकारच्या आभासी प्रयोगशाळाही आहेत. व्याख्यानांपुरते मला हे पूर्ण मान्य आहे. खरे तर आठवड्यातला एक दिवस केवळ लेक्चरसाठी कुणाला सत्तर किलोमीटर आणू नये. ते लेक्चर रेकॉर्ड करून द्यावे आणि तो दिवस वाचवावा. पण पडद्यावरच्या प्रयोगात बुडबुडा अडकत नाही, तापमान घसरत नाही, काच फुटत नाही आणि आकडा कधी चुकत नाही. पूर्वतयारी म्हणून तो उत्तम, बदली म्हणून अपुरा. मोकळा वेळ दिला तर मुले तो मोबाइलमध्ये घालवतील, हाही एक आक्षेप ऐकू येतो. काही घालवतील. ग्रंथालयात न वाचणारी मुले असतात म्हणून आपण ग्रंथालये बंद केली नाहीत.

मग मुंबईलाच का जायचे, कल्याणला शिका किंवा वसतिगृहात राहा, असेही म्हटले जाते. पदवीपर्यंत कल्याणला शिकणे शहाणपणाचे आहे आणि बहुतेक मुले तेच करतात. एम.एस्सी.ला जीवभौतिकी, विश्लेषणात्मक रसायन किंवा तत्सम विषय हवा असेल तर पर्याय आटत जातात, आणि विषय घराच्या पत्त्यावरून ठरावा हे मला मान्य नाही. वसतिगृहे हवीतच, आदिवासी विकास विभागाची आणि समाजकल्याणची वसतिगृहे आहेत, या पट्ट्यातल्या ठाकूर-कातकरी कुटुंबांतल्या मुलांना त्यांचा खरा आधार आहे, पण जागा मोजक्या. भाड्याने खोली घेऊन मुंबईत राहणे खडवलीच्या भातशेती करणाऱ्या किंवा रोज मुंबईत नोकरीला जाणाऱ्या घराला परवडत नाही. रेल्वेच्या सवलतींमध्ये पदवीपर्यंतच्या मुलींना आणि बारावीपर्यंतच्या मुलांना घर ते शाळा-महाविद्यालय दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद आहे. ती योग्यच आहे. मात्र त्यातून आपल्या धोरणाचा एक स्वभाव दिसतो. विद्यार्थ्याच्या भाड्याचा विचार कुणीतरी केला, वेळेचा केला नाही. केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत बारावीच्या वरच्या एक टक्क्यातल्या, मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ८० हजार रुपये मिळतात, त्यातले २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. या प्रकल्पाची कल्पना मला फार आवडते, कारण सत्राच्या तुकड्यांतून सुटलेले सलग आठवडे तिथेच मिळतात. ज्यांना एक टक्क्यात जागा मिळत नाही त्यांनाही असे आठवडे लागतातच.

आता खडवलीकडे पुन्हा बघावेसे वाटते, ते गावाच्या नदीमुळे. खडवलीतून भातसा वाहते. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून सोडलेले पाणी याच पात्रातून खाली पिसे येथे जाते, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईला पोहोचते. मुंबईच्या सात तलावांचा एकत्रित साठा साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या घरात आहे आणि त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. म्हणजे कालिन्यातल्या किंवा फोर्टातल्या प्रयोगशाळेच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग ज्या नदीतून जातो, ती नदी मागे टाकून हा विद्यार्थी सकाळी शहराकडे निघतो. आणि या नदीबद्दल पदवीच्या पातळीवर विचारण्याजोगे कितीतरी प्रश्न आहेत. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन पहाटेच्या आधी सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो, कारण दिवसा पाणवनस्पती व शेवाळ तो सोडतात आणि रात्री सगळेच श्वसनाने वापरतात. हा चढउतार भातसात किती आहे? रविवारी शेकडो पर्यटक नदीत उतरतात, त्याच्या आदल्या व नंतरच्या दिवशी कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या किती बदलते? धरणातून विसर्ग वाढला की गढूळपणा किती वेळाने खडवलीला पोहोचतो? विंकलर पद्धतीत ऑक्सिजनचा नमुना नदीवरच रसायने घालून स्थिर करावा लागतो आणि मग काही तासांत टायट्रेशन उरकावे लागते. पहाटे चार वाजता नमुना घ्यायला कालिन्यातून खडवलीला कुणी येणार नाही. खडवलीत राहणारी मुले तो घेऊ शकतात, फक्त टायट्रेशनची सोय तीन-चार किलोमीटरच्या आत हवी. दोन ब्युरेट, बीओडी बाटल्या, एक उष्मायक, तराजू आणि ऊर्ध्वपातित पाणी, एवढ्या सामानाची एक खोली या पट्ट्यातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत बसते. क्षेत्रप्रकल्पाची क्रेडिट नव्या रचनेत आहेतच. आज ती बहुतेक ठिकाणी एखाद्या सहलीच्या अहवालात संपतात. वर्षभर दर पंधरवड्याला घेतलेली भातसाची वाचने त्याच क्रेडिटमध्ये बसतील, आणि ती खरी आकडेवारी असेल, पुढच्या तुकडीला पुढे नेता येईल अशी. गावाबाहेरच्या प्रयोगशाळेपर्यंत जाण्यात जे तास जातात त्यातले काही अशा कामाने गावातच शिकण्याचे तास होतील.

खर्चाचा आक्षेप उरतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, प्रयोगशाळा सहायकांच्या तर त्याहून; मग संध्याकाळी आठपर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवायची कुणाच्या भरवशावर? मला वाटते याचे उत्तर महाराष्ट्रातच तयार झालेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि कमवा आणि शिका हे सूत्र दिले. आज विद्यापीठांत त्या नावाच्या योजना आहेत. त्यांत मुले कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काम करतात. एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना याच योजनेत संध्याकाळच्या प्रयोगशाळेची जबाबदारी द्यावी, सुरक्षिततेचे प्रशिक्षण देऊन, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली. जोखमीची रसायने कुलपात राहतील, सूक्ष्मदर्शक आणि काचसामान बाहेर राहील. प्रयोगशाळेतली सर्वांत महाग वस्तू, म्हणजे इमारत आणि उपकरणे, आधीच घेतलेली आहेत आणि दिवसातले चौदा-पंधरा तास ती बंद असतात. सगळ्या महाविद्यालयांनी हे करायची गरजही नाही. विद्यापीठाच्या कल्याण उपकेंद्रासारख्या एका ठिकाणी कसारा आणि कर्जत अशा दोन्ही मार्गांच्या विद्यार्थ्यांसाठी सामायिक प्रयोगशाळा असली, आपल्या महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवून तिथे बसता आले, तर खडवलीहून ती अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात येते. परतीची शेवटची सोयीची गाडी पाहून वेळ ठरवावी. मुलींसाठी हा भाग निर्णायक आहे. स्टेशनपर्यंत एकत्र जायची सोय नसेल तर उघडी प्रयोगशाळाही त्यांच्यासाठी बंदच राहील.

या मागण्या कुणाच्या तोंडून यायच्या, हाही प्रश्न आहे. प्रवासी संघटना गाड्या, मार्गिका आणि थांब्यांसाठी भांडतात आणि त्यांना यश येतेही. कल्याण-कसारा-कर्जतची संघटना वर्षानुवर्षे हेच करते आहे. विद्यार्थी संघटना निकाल, फी आणि परीक्षेच्या तारखांसाठी भांडतात. प्रयोगशाळेची वेळ दोघांच्याही निवेदनात येत नाही, कारण एकीच्या मते तो शिक्षणाचा प्रश्न आहे आणि दुसरीच्या मते प्रवासाचा. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला लागतील ती वर्षे लागतील. त्याआधी करण्यासारखी, अगदी पुढच्याच सत्रापासून करण्यासारखी गोष्ट महाविद्यालयाच्या टाइमटेबल समितीच्या हातात आहे. प्रॅक्टिकलच्या बॅच आज आडनावाच्या अकारविल्हे किंवा हजेरी क्रमांकाने पाडतात. त्या स्टेशनवार पाडता येतील. वासिंद, खडवली, आसनगावची मुले एका बॅचमध्ये, त्यांची व्याख्याने आणि प्रॅक्टिकल चार दिवसांत सलग, पाचवा दिवस प्रयोगशाळेत स्वतःच्या कामासाठी आणि सहावा घरी किंवा नदीवर. पत्ता प्रत्येक प्रवेश अर्जात लिहिलेला असतो. त्यावरून यादी लावायला एक दुपार पुरते.